आधी शासन निर्णय वाचू, मग अर्ज भरू

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कुठल्याही मोहल्ल्यातला व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. महिन्यातून एकदा तरी तिथे अशा अर्थाचा संदेश येतोच : अल्पसंख्याकांसाठी शासनाची नवी योजना आली आहे, लाखांत अनुदान आहे, शेवटचे चार दिवस उरले आहेत, आधार कार्ड घेऊन लगेच भेटा. खाली एक मोबाईल नंबर असतो. योजना कुठल्या विभागाची, शासन निर्णय कोणत्या तारखेचा, अटी काय, यातले काहीच नसते. तरीही लोक भेटतात. फोटो देतात, सह्या करतात, कुणी पाचशे तर कुणी दोन हजार देतात आणि वाट पाहत बसतात. सहा महिन्यांनी 'सरकार आपल्याला काही देत नाही' असा निष्कर्ष निघतो. कधीकधी तो खराही असतो. पण पुष्कळदा झालेले असते ते एवढेच, की आपण न वाचलेल्या कागदावर अर्ज केलेला असतो.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्याकडे काम सुरू करण्याआधी ग्राहकाच्या गरजांचा लेखी कागद ओळ न् ओळ वाचावा लागतो. 'जर असे असेल तर तसे' यातली एक अट नजरेतून सुटली, तर पुढचे सगळे काम वाया जाते. शासन निर्णय, म्हणजे आपल्या बोलीतला 'जीआर', हा त्याच जातीचा कागद आहे. तो पूर्णपणे अटींचा बनलेला असतो. तो वाचायला वकील लागत नाही. त्याची रचना मात्र एकदा समजून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे घोषणा आणि पैसा यांच्यातले अंतर. मंत्र्यांचे भाषण, मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णय, निधी वितरणाचा आदेश आणि जिल्ह्यातली अर्ज मागवणारी जाहिरात या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. वर्तमानपत्रात मोठी बातमी होते ती बहुधा दुसऱ्या पायरीची. आपल्या हातात काही येण्याची शक्यता सुरू होते ती पाचव्या पायरीला.

१० ऑक्टोबर २०२४ ची मंत्रिमंडळ बैठक आठवून पाहा. त्या दिवशी दोन निर्णय आपल्या समाजात खूप चर्चिले गेले. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे भागभांडवल ७०० कोटींवरून १००० कोटी करण्याचा एक, आणि मदरशांतील शिक्षकांचे मानधन वाढवण्याचा दुसरा. पहिल्या निर्णयाचा अर्थ अनेकांनी 'मुस्लिमांना हजार कोटी वाटणार' असा लावला. काहींनी तो आनंदाने लावला, काहींनी रागाने. भागभांडवल म्हणजे महामंडळाने कर्ज देण्यासाठी वापरायची पुंजी. हा आकडा त्या पुंजीची मर्यादा सांगतो. शासन त्यात प्रत्यक्ष किती रक्कम घालते ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असते, आणि तिथून मिळते ते कर्ज असते. ते फेडायचे असते.

दुसऱ्या निर्णयाची गतही तीच झाली. डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांचे ८,००० वरून १८,००० झाले, हे खरे. पण ते डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतले आहे. मदरशात गणित, विज्ञान, समाजशास्त्र, भाषा असे शालेय विषय शिकवायला नेमलेल्या शिक्षकांसाठी ते आहे. दीनी तालीम देणाऱ्या मौलानांचा पगार त्यातून होत नाही. ज्यांनी मूळ योजना वाचली नव्हती त्यांनी दोन्ही बाजूंनी गदारोळ केला. त्या बैठकीनंतर पाचच दिवसांनी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घोषणेची तारीख नेहमीच अंमलबजावणीच्या सोयीने ठरलेली नसते.

मग मूळ कागद कसा वाचायचा? महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख किंवा विषय टाकून कोणताही शासन निर्णय पाहता येतो. प्रत्येकाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो. कुणी तुम्हाला जीआरचा फोटो पाठवला, तर त्यातला संकेतांक तिथे टाकून बघावा. मूळ निर्णय सापडला नाही, तर त्या फोटोवर भरवसा ठेवू नये.

कागद उघडल्यावर पहिल्या पानावर 'वाचा' किंवा 'संदर्भ' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात. खरी मेख अनेकदा तिथेच असते, कारण हातातला कागद जुन्या निर्णयात फक्त एखादा बदल करणारा असू शकतो. पात्रतेच्या अटी त्या जुन्या निर्णयात असतात. मग येते 'प्रस्तावना'. तिच्यात योजनेचा हेतू असतो, हक्क नसतो. हक्क आणि अटी 'शासन निर्णय' या मथळ्याखालच्या परिच्छेदांत असतात, आणि कागदपत्रांची यादी बहुधा शेवटच्या परिशिष्टात.

काही शब्द पाठच करून ठेवावेत. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे काम किंवा खर्च तत्त्वतः मंजूर झाला. पैसे सुटले असा त्याचा अर्थ नाही. पैसे सुटतात ते 'निधी वितरण' या शब्दांनी. 'लेखाशीर्ष' म्हणजे अर्थसंकल्पातले ते खाते, ज्यातून पैसे येणार. 'निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून' याचा सरळ अर्थ असा, की तुम्ही सगळ्या अटी पूर्ण केल्या तरी तिजोरीत तरतूद नसेल तर मिळणार नाही. 'अधिक्रमित' म्हणजे जुना निर्णय रद्द, आता हा लागू. 'शुद्धिपत्रक' म्हणजे आधीच्या निर्णयातली दुरुस्ती.

दुरुस्तीला किती महत्त्व असते ते महाराष्ट्रातल्या घराघराने पाहिले आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा पहिला शासन निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वयोमर्यादा ६० होती, मुदत १५ जुलैची होती आणि पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असलेल्या कुटुंबाला लाभ नव्हता. आठवडा उलटायच्या आत, ३ जुलैला, सुधारणा झाली. वय ६५ झाले, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, जमिनीची अट गेली. पहिला कागद पाहून 'आपले बसत नाही' म्हणून ज्या बहिणी घरी बसल्या, त्यांना कुणीतरी दुसरा कागद दाखवायला हवा होता.

बदल नेहमी आपल्या बाजूनेच होतो असेही नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती अनेक वर्षे पहिलीपासून मिळत असे. २०२२-२३ साठी पालकांनी दाखले गोळा करून अर्ज भरले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने कळवले की यापुढे ती फक्त नववी आणि दहावीला मिळेल, कारण पहिली ते आठवीचे शिक्षण शिक्षण हक्क कायद्याने मोफतच आहे. वर्षाच्या मध्यात असे करणे अन्यायाचे होते आणि तसे आपण म्हणायलाच हवे. पण त्यानंतरही पाचवी-सहावीच्या मुलांचे अर्ज भरून देतो म्हणून पैसे घेणारे निघाले, तर तो दोष सरकारचा धरता येणार नाही.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेल्या शब्दाकडे येऊ. तो शब्द म्हणजे 'अनुदान'. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, ही छोट्या उद्योगासाठी सर्वांत परिचित योजना. '३५ टक्के सबसिडी' एवढेच लोकांना माहीत असते. एक उदाहरण मांडून पाहू. कराड तालुक्यातल्या एखाद्या गावातल्या भाभींना तयार कपड्यांचे दहा लाखांचे युनिट टाकायचे आहे. महिला आणि अल्पसंख्याक असल्याने त्या विशेष गटात येतात. त्यांना स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार घालायचे आहेत. उरलेले साडेनऊ लाख बँक कर्ज म्हणून मंजूर करते. शासनाचे ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, त्यांच्या हातात पडत नाहीत. ते त्याच बँकेत त्यांच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून राहतात. या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट खरोखर चालू आहे का याची तपासणी होते आणि मगच ती रक्कम कर्जात वळती होते. बँकेने कर्ज नाकारले तर अनुदानही नाही. युनिट दीड वर्षात बंद पडले तर ती सबसिडी आपली झाली असे धरून चालता येत नाही.

हेच युनिट सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत असते, तर अनुदान २५ टक्के, म्हणजे अडीच लाख झाले असते. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत ते ३५ टक्के राहते. रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला एक लाखाचा फरक पडतो. जागेचा भाडेकरार करण्याआधी हे वाचलेले बरे. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत. योजना फक्त नव्या युनिटसाठी आहे. कुटुंबातल्या एकालाच, म्हणजे पती किंवा पत्नी यांपैकी एकालाच, लाभ मिळतो. उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या वर किंवा सेवेचा पाच लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास असावे लागते. दुसऱ्या बाजूला, सूक्ष्म उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. आपल्या बाजूचे नियमही त्या कागदांतच असतात. ते माहीत असले, तर शाखेत ताठ मानेने बसता येते.

प्रत्येक योजनेत एक नकारयादी असते. ती अर्जाच्या आधी वाचावी. पीएमईजीपीच्या नकारयादीत कत्तल आणि मांसप्रक्रियेशी संबंधित व्यवसाय आहेत, तसेच विडी, पान, सिगारेट यांचे उत्पादन आणि विक्री आहे. आपल्यातल्या किती घरांची रोजीरोटी या धंद्यांवर आहे ते सांगायला नको. मांसाहारी जेवण देणाऱ्या हॉटेल-ढाब्यांना मात्र पुढच्या सुधारित सूचनांमध्ये परवानगी मिळाली. म्हणजे यादीचीही तारीख पाहायची. आणि योजनेचीही पाहायची : पीएमईजीपीची मंजुरी २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांपुरती होती. आज अर्ज करणाऱ्याने पुढच्या मुदतवाढीचा आदेश आधी पाहिला पाहिजे.

यादी वाचण्याचे महत्त्व मिरजेइतके दुसरीकडे कुठे कळणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. पारंपरिक कारागिरांना प्रशिक्षण, १५ हजारांपर्यंतची अवजारे, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाखांचे विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांपेक्षा पारंपरिक कोण असणार? १९ व्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर गेले. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, शस्त्रे बनवणारासुद्धा आहे. वाद्य बनवणारा नाही. शिकलगारांनी सोडलेला धंदा यादीत आहे, आणि ज्याने मिरजेला नाव दिले तो नाही.

अशा वेळी दोन चुकीचे रस्ते समोर येतात. एक, 'सुतार म्हणून नोंदवा, काही होत नाही' असे सांगणाऱ्याचे ऐकणे. पुढे पडताळणी होते आणि खोटी माहिती अर्जदाराच्या नावावर राहते, सांगणाऱ्याच्या नाही. दुसरा, निराश होऊन सगळेच सोडणे. यादी वाचलेला माणूस तिसरे काहीतरी करू शकतो. आपल्या व्यवसायाला बसणारी दुसरी योजना शोधू शकतो. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची 'विरासत' ही कारागिरांसाठीचीच योजना आहे, तीही कर्जाची, हे समजून. आणि मानांकनाचा दाखला जोडून 'वाद्यनिर्मिती यादीत घ्या' असे लेखी निवेदन खासदारांकडे आणि मंत्रालयाकडे देऊ शकतो. यादीत काय नाही हे माहीत असणाऱ्यालाच नेमकी मागणी करता येते.

संस्थांच्या बाबतीत जबाबदारी आणखी मोठी आहे. धार्मिक अल्पसंख्याकबहुल शाळांना पायाभूत सुविधांसाठी राज्य शासन अनुदान देते. त्यासाठी शाळेत किमान ७० टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांतले असावे लागतात. 'अल्पसंख्याक' म्हणजे फक्त मुस्लिम नव्हे. बौद्ध, जैन, ख्रिश्चन, शीख, पारशी हे सगळे त्यात मोजले जातात. सांगली जिल्ह्यात जैन आणि बौद्ध समाजाची वस्ती पाहता, एखाद्या शाळेने फक्त मुस्लिम मुले मोजून 'आपण बसत नाही' म्हणणे ही वाचनाचीच चूक ठरेल. इथे 'अल्पसंख्याकबहुल' हा शब्द पटावरच्या मुलांबद्दल आहे. संस्थाचालक कोणत्या समाजाचे, याला मिळणारा अल्पसंख्याक दर्जा ही वेगळी गोष्ट. आणि अनुदान खात्यात आले म्हणजे काम संपले असेही नाही. ज्या कामासाठी आले त्यावरच खर्च, त्याची बिले, लेखापरीक्षण आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळे द्यावे लागते. पाण्याच्या टाकीसाठी आलेले पैसे रंगकामाला वापरले, तर हेतू कितीही चांगला असो, पुढच्या वर्षीचा दरवाजा आपणच बंद केलेला असतो.

इथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. २०२३ मध्ये अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या तपासणीत देशभरातल्या १,५७२ संस्था पाहिल्या गेल्या, त्यांपैकी ८३० बनावट किंवा निष्क्रिय निघाल्या. पाच वर्षांत १४४.८३ कोटींचे नुकसान झाल्याचे केंद्राने सांगितले आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. पैसा गरीब अल्पसंख्याक मुलांचा होता. त्यांच्याच नावाने कुणीतरी तो खाल्ला, आणि त्यानंतर प्रामाणिक मुलांच्या वाट्याला आली ती जास्तीची पडताळणी आणि संशय. आपले आधार, बँक पासबुक आणि कोरी सही दुसऱ्याच्या हवाली करण्याची सवय अशा लोकांच्या कामी येते. ज्या योजनांची नावे वर घेतली त्यांत मध्यस्थ नेमलेले नाहीत. पीएमईजीपीच्या संकेतस्थळावर तशी सूचनाच आहे. फॉर्म भरून देणाऱ्याला त्याच्या मेहनतीचे पैसे द्यायला हरकत नाही. 'मंजूर करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

शासनाला मात्र यातून मोकळे सोडता येणार नाही. सातवी शिकलेल्या बाईसाठी असलेली योजना पदवीधरालाही न उलगडणाऱ्या वाक्यांत का लिहितात? जाहिरात निघते आणि आठ-दहा दिवसांत मुदत संपते. त्याच दिवसांत उत्पन्नाचा दाखला, अल्पसंख्याक असल्याचे प्रतिज्ञापत्र, प्रकल्प अहवाल सगळे जमवायचे. पोर्टल रात्री दोनला चालते आणि दुपारी बंद असते. पोर्टल बनवणाऱ्यांच्याच व्यवसायातला असल्यामुळे हे मला जास्त लागते. अर्ज नाकारल्याचे कारण एका ओळीत कळवणे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. ते कळवले जात नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा : या योजनेत जिल्ह्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, माझा का नामंजूर झाला, यंदाची तरतूद किती आणि खर्च किती. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. या प्रश्नांतूनच कळते की अडचण आपल्या कागदात होती की त्यांच्या इच्छेत.

आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन माणसे अशी असतातच : निवृत्त शिक्षक, तहसीलमध्ये नोकरी केलेले चाचा, कॉलेजात जाणारी मुलगी. महिन्यातला एक रविवार उर्दू शाळेत किंवा वाचनालयात बसून त्यांनी नवे शासन निर्णय मोठ्याने वाचावेत. प्रत्येक योजनेसाठी एक पान करून भिंतीवर लावावे. त्यावर सात गोष्टी असाव्यात : विभाग आणि तारीख, कर्ज की अनुदान, कोण पात्र, कोण अपात्र, आपला स्वतःचा वाटा किती, पैसे कधी आणि कोणाच्या हातात येणार, आणि मुदत. शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या, जैन गल्लीतल्या लोकांनाही बोलवावे, कारण यातल्या पुष्कळ योजना त्यांच्याही आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा.

सवलत मागणारा समाज अशी आपली प्रतिमा काहींनी करून ठेवली आहे. ती भाषणांनी पुसली जाणार नाही. पात्र असेल तिथे पूर्ण कागदपत्रांसह अर्ज करणारा, पात्र नसेल तिथे खोटा अर्ज न करणारा, आणि नियम चुकीचा असेल तिथे कलम दाखवून जाब विचारणारा नागरिक कलेक्टर कचेरीच्या खिडकीवर उभा राहिला, की खिडकीपलीकडच्या माणसालाही नियम पुस्तिका उघडावी लागते. असे दहा नागरिक प्रत्येक तालुक्यात तयार व्हावेत, एवढेच या वर्षीचे आपले काम.